खाडीच्या गाळातली रसायनं: नमुना घेण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

गाळपारखी
‘सेंद्रिय’ म्हटलं की आपल्याकडे गूळ, हातसडीचा तांदूळ आणि शेणखत आठवतं. या धाग्यातलं सेंद्रिय ते नव्हे. कार्बनच्या सांगाड्यावर उभं असलेलं कुठलंही संयुग रसायनशास्त्रात सेंद्रिय. मग ते सांडलेलं डिझेल असो, डीडीटी असो की बोटीच्या बुडाला लावलेल्या रंगातलं कथीलयुक्त विष.

धागा काढायचं कारण असं की खाडीकाठच्या गावांतून तपासणीसाठी पैसे जमवले जातात, नमुना दिला जातो आणि हातात येतो बीओडी, सीओडी, सामू आणि ‘तेल व ग्रीस’ असा चार ओळींचा कागद. त्या कागदाचा या विषयाशी जवळजवळ संबंध नसतो. सीओडी म्हणजे पाण्यातलं जे काही ऑक्सिडीकरण होऊ शकतं त्याची एकगठ्ठा बेरीज. गुळाचं पाणी ओतलं तरी तो वाढतो आणि फिनॉल ओतलं तरी वाढतो. ‘तेल व ग्रीस’मध्ये हेक्झेनसारख्या द्रावकात जे उतरेल ते सगळं मोजलं जातं, वड्याच्या कढईतलं तेलसुद्धा. शिवाय तो आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, आणि आपण ज्यांच्या मागे आहोत ती द्रव्यं पाण्यात नॅनोग्रॅममध्ये सापडतात. हजाराला हजाराने गुणा, एवढा फरक.

दुसरी चूक म्हणजे पाणीच तपासायला देणं. ही बहुतेक संयुगं पाण्याला धरून राहत नाहीत. बारीक चिकणमाती आणि कुजलेल्या पालापाचोळ्याच्या कणांना चिकटतात. नदीचं गोडं पाणी खाडीत खाऱ्याला मिळालं की मातीचे कण एकमेकांना बिलगून गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात, रसायनं घेऊन. पाणी त्या तासाचं सांगतं, वरचा दोन सेंटिमीटर गाळ गेल्या काही वर्षांचं.

प्रयोगशाळेकडे मागायचं ते हे:

पीएएच, म्हणजे बहुवलयी सुगंधी हायड्रोकार्बनं. ठरलेली १६ मागाच, पण तेलगळतीचा संशय असेल तर ‘अल्किल’ शाखा (कार्बनच्या छोट्या साखळ्या) चिकटलेलीही मागा. का, ते पुढे येईल.
पीसीबी, म्हणजे क्लोरीन चिकटलेली बायफिनाइल संयुगं: २८, ५२, १०१, ११८, १३८, १५३ आणि १८० या सात क्रमांकांची.
क्लोरीनयुक्त कीटकनाशकं: डीडीटी आणि ते मोडून होणारी डीडीई, डीडीडी यांची प्रत्येकी दोन रूपं आणि एचसीएच या कीटकनाशकाची चार.
जेटी, गोदी किंवा बोटदुरुस्तीची जागा जवळ असेल तर टीबीटी (ट्रायब्युटिल टिन, म्हणजे वर सांगितलेलं बोटीच्या रंगातलं कथीलयुक्त विष) आणि त्याचे तुकडे डीबीटी, एमबीटी.
आणि याच नमुन्यातला एकूण सेंद्रिय कार्बन, कणांचा आकार आणि ओलावा. या तिन्हींना खर्च फारसा येत नाही, पण ही नसतील तर वरचे आकडे कशाशी ताडून बघायचे हेच कळत नाही.

प्रयोगशाळा एनएबीएल मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर थांबू नका. मान्यतापत्राची व्याप्ती बघा. ‘पिण्याच्या पाण्यातील पीएएच’ला मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला ‘सागरी गाळातील पीएएच’ जमतंच असं नाही.

खाडीकर
उपयोगी धागा. दोन प्रश्न. नमुना भरतीला घ्यायचा की ओहोटीला? आणि काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा गाळ दिसला की लोक म्हणतात हेच ते केमिकल. खरं का?

गाळपारखी
वासाचं आधी. तो हायड्रोजन सल्फाइड. ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात, त्यातून तो वायू होतो. काळा रंग लोखंडाच्या सल्फाइडचा. अगदी निर्मळ कांदळवनातही हा वास येतो. उलट पीसीबी आणि डीडीटीने माखलेल्या गाळाला त्यांचा म्हणून काही वास येणार नाही. नाकावर विसंबून जागा निवडली की नेमकी जागा चुकते.

आता भरती-ओहोटी. चालत जाऊन गाळ घ्यायचा तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी बरी, कारण पाणी सगळ्यांत खाली जातं आणि खालचा पट्टा उघडा पडतो. पण त्याच दिवसांत प्रवाहाला जोर असतो, वरचा बारीक थर उचलला जातो. होडीतून ग्रॅब (तळाचा गाळ उचलणारा जबड्यांचा डबा) टाकायचा असेल तर अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, धरा. पाणी शांत, थर जागच्या जागी. पायी जाताना दोघं हवेत, बरोबर लांब फळी हवी आणि ओहोटीचा तळ गाठण्याआधी काम सुरू झालेलं हवं. चिखलात पाय रुतलेला असताना भरती लागली तर नमुन्याची चिंता उरत नाही.

हंगाम एकच ठेवा. पावसाळ्यात नदीचा ताजा गाळ वर बसतो किंवा जुना वाहून जातो. मेमधला आकडा ऑक्टोबरच्या आकड्याशेजारी ठेवून ‘प्रदूषण घटलं’ म्हणणाऱ्यांना पावसाचं श्रेय कारखान्याला द्यायचं असतं, एवढंच.

क्रोमॅटोवाला
नमुना घेण्याचं तंत्र नीट लिहितो. प्रयोगशाळेत येणाऱ्या गाळापैकी बराचसा दारातच वाया गेलेला असतो.

व्हॅन व्हीन ग्रॅब म्हणजे दोन जबड्यांचा पोलादी डबा. तळाला टेकला की मिटतो. जबड्यात शिंपला किंवा खडा अडकला तर वर येईपर्यंत फटीतून बारीक गाळ धुऊन जातो, वाळू तेवढी उरते. आणि हवा असतो नेमका बारीक गाळ. असा ग्रॅब सरळ टाकून द्या, ‘चालून जाईल’ म्हणू नका. चांगल्या ग्रॅबमध्ये वर थोडं नितळ पाणी असतं आणि गाळाचा पृष्ठभाग मोडलेला नसतो. ते पाणी ओतायचं नाही, नळीने हळूच ओढून काढायचं. मग स्टीलच्या चमच्याने मधला भाग, डब्याच्या भिंतींना न लागता, वरचे दोन सेंटिमीटर. दहा-वीस मीटर अंतरावर असे तीन ग्रॅब, स्टीलच्या वाडग्यात कालवून एक नमुना. अडीचशे मिलीच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत पाऊण भरेल इतकाच. काठोकाठ भरली तर गोठवताना बरणी तडकते.

बरणी प्रयोगशाळेकडूनच घ्या. ती ४५० अंश सेल्सिअसला काही तास भाजलेली किंवा आधी ॲसिटोन, मग हेक्झेनने खळबळलेली असते. झाकणाच्या आत टेफ्लॉनचं अस्तर हवं. नसेल तर भाजलेला ॲल्युमिनियमचा कागद मध्ये घाला.

झिपची पिशवी, प्लास्टिकचा डबा, बिर्याणीची बरणी, काहीही नको. प्लास्टिकमधून थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी द्रव्यं) उतरतात, आणि उलट गाळातली संयुगं प्लास्टिकमध्ये मुरतात. चुकतं दोन्ही बाजूंनी. होडीचं इंजिन बंद करा आणि धुराच्या नळकांड्याच्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा. विडी-सिगारेट नको, ती पीएएचचा छोटा कारखानाच आहे. हाताला सनस्क्रीन किंवा डास पळवायचं मलम लावलेल्याने बरणीला हात लावू नये. नायट्राइलचे हातमोजे, प्रत्येक जागेला नवे.

आणि एक रिकामी परीक्षा, म्हणजे ब्लँक. भाजलेली वाळू भरलेली एक बरणी होडीत तेवढाच वेळ उघडी ठेवा, बाकीच्या नमुन्यांबरोबर पाठवा. तिच्यात नॅफ्थलीन सापडलं तर ते गाळाचं नाही, होडीचं आहे.

बर्फाच्या पेटीत चार अंशांना आणा. महिनोन् महिने ठेवायचं असेल तर उणे २०. नुसतं चार अंशांवर असेल तर १४ दिवसांत अर्क काढायला हवा.

दर्यासारंग
होडीवाल्यांसाठी एक पुरवणी. ग्रॅबच्या दोराला आणि कप्पीला ग्रीस असतं. दोर धुतलेला सुती घ्या, कप्पीला ग्रीस नको. ग्रॅब वर आला की डेकवर ठेवू नका. डेकवर सांडलेलं डिझेल असतंच. स्टीलची परात खाली धरा.

शंकासुर
सगळं ठीक, पण लोक गाळ खात नाहीत. कालवं खातात, शिनाणे खातात. मग थेट तेच का तपासू नये? गाळाच्या आकड्यावर मच्छीमाराला काय सांगणार?

गाळपारखी
रास्त. प्रश्न दोन आहेत आणि नमुनेही दोन. ‘प्रदूषण कुठून आलं, किती साठलं’ याला गाळ. ‘खाणाऱ्याच्या पोटात किती जातं’ याला शिंपले. शिंपलेवर्गी जीव दिवसभर पाणी गाळत बसतात आणि पीएएच फोडून टाकणारी त्यांची यंत्रणा दुबळी असते, म्हणून ती अंगात राहतात. माशाचं यकृत मात्र पीएएच लगेच फोडतं. त्यामुळे तेल सांडल्यावर बांगड्याचं मांस तपासून ‘पीएएच नाही’ असा अहवाल आला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. माशाच्या बाबतीत बघायचं ते पित्तातलं हायड्रॉक्सिपायरीनसारखं फोडलेलं रूप. पीसीबी आणि डीडीटीचं उलट: मासा ती फोडू शकत नाही, चरबीत साठवतो.

शिनाण्यांचा नमुना घ्यायचा तर एकाच मापाचे, पाच-सहा सेंटिमीटरचे, पंचवीस-तीस नग. कच्चेच उघडायचे, उकडून नव्हे. सगळ्यांचं मांस एकत्र वाटून एक नमुना. अंडी सोडण्याच्या हंगामात चरबी एकदम घटते, तेव्हा त्या दिवसांत नको. आणि चरबीचं प्रमाण अहवालात मागा. पोटातला चिखल काढायला चोवीस तास स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवायचं की नाही यावर दोन मतं आहेत. खाणाऱ्याच्या दृष्टीने मोजायचं असेल तर ठेवू नका, कारण बाजारात कुणी ठेवत नाही. जे कराल ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळीही तेच करा.

तुलनेसाठी एक आकडा: युरोपीय संघात ताज्या शिंपलेवर्गी मांसाला बेंझो-ए-पायरीन या पीएएचची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम आहे, आणि चार ठरावीक पीएएच मिळून ३०. हे ओल्या वजनावर. गाळाचे आकडे कोरड्या वजनावर असतात. दोन्ही शेजारी ठेवून घोळ घालू नका.

शंकासुर
ओलं-कोरडं हा घोळ नेमका किती मोठा?

गाळपारखी
गाळात ६० टक्के पाणी असेल तर ओल्या वजनावरचे १०० म्हणजे कोरड्या वजनावर २५०. अडीचपट. अहवालात ‘कोरड्या वजनावर’ असं लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा.

आग्वादकर
गोव्याच्या बाजूने डांबरगोळ्यांचं लिहितो, कारण सामान्य माणसाच्या पायाला लागणारं सेंद्रिय प्रदूषण म्हणजे तेच. मेपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्रावरचं तेल किनाऱ्याकडे लोटतो. दक्षिण गुजरातपासून गोव्यापर्यंत सगळ्या किनाऱ्याला कमी-जास्त हा अनुभव.

गोळा बनतो कसा: तेल सांडल्यावर हलके घटक पहिल्या काही दिवसांत उडून जातात. उरलेल्यात लाटांनी पाणी घुसळलं जातं आणि तपकिरी, घट्ट लोणी तयार होतं. त्यात ७०-८० टक्क्यांपर्यंत पाणी असू शकतं, म्हणजे एक पिंप तेलाचे किनाऱ्यावर तीन ते पाच पिंप होतात. मग ते फाटत, वाळू गोळा करत, बाहेरून कडक आणि आतून मऊ होतं. उन्हात तापलं की फुटतं आणि चपलेला लागतं.

उगम शोधायला पीएएचपेक्षा होपेन आणि स्टेरेन ही संयुगं कामाची. ती हवा-पाण्याला दाद देत नाहीत आणि प्रत्येक तेलक्षेत्राचं त्यांचं प्रमाण वेगळं, बोटाच्या ठशासारखं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मे २०१३ मध्ये गोव्याच्या नऊ किनाऱ्यांवरचे गोळे असे तपासले. २०१०-११ चे गोळे टँकर धुतल्याच्या तेलाशी जुळले होते. २०१३ च्या तपासणीत मुंबई हायच्या क्षेत्रातलं तेलही या किनाऱ्याला हातभार लावू शकतं असं निघालं. प्रवाहांच्या गणितात एप्रिलमध्ये तिथून सोडलेले कण आग्नेयेला सरकत मेमध्ये गोव्याला पोचत होते. थोडक्यात, ‘जहाजवाल्यांचंच पाप’ हे उत्तर दर वर्षी खरं असेलच असं नाही.

दर्यासारंग
टँकरला नियम काय आहे तेही येऊ द्या. मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार टाक्यांचं तेलमिश्रित पाणी सोडायचं तर किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपलीकडे, जहाज चालतं असताना, मैलाला ३० लिटरपेक्षा जास्त तेल नाही, आणि नव्या टँकरला एकूण मालाच्या तीस हजाराव्या भागाच्या आत. इंजिनखोलीतल्या पाण्याला दशलक्षात १५ भाग. म्हणजे नियम पाळूनही थोडं तेल समुद्रात जातंच.

खाडीकर
गोळे दिसले तर गावाने काय करायचं? पायाला लागलं तर लोक रॉकेलने पुसतात.

आग्वादकर
रॉकेल, पेट्रोल, थिनर अजिबात नको. ते डांबर विरघळवून कातडीत आणखी आत नेतात, वर स्वतःची आग होते ती वेगळी. खोबरेल किंवा खाण्याचं कुठलंही तेल चोळा, कापडाने पुसा, मग साबण.

किनारा साफ करताना जेसीबी लावू नका. तो एक किलो डांबरासाठी शंभर किलो वाळू उचलतो आणि उरलेलं खाली गाडतो. दाताळं, चाळणी, हातमोजे. दिवसातून एकदा, भरती ओसरल्यावर, ऊन तापायच्या आत, कारण गोळा थंड असेपर्यंत कडक असतो. गोळा केलेलं वाळूत पुरायचं नाही आणि जाळायचं तर नाहीच. जाळलं की तेच पीएएच धुरातून फुप्फुसात. जाड पिशव्यांत, सावलीत, भरतीरेषेच्या वर ठेवून प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि पंचायतीला कळवा. तपासणीसाठी हवे असतील तर चार-पाच गोळे ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून काचेच्या बरणीत, थंड जागी. किनाऱ्याचं नाव, तारीख, भरतीची वेळ आणि त्या दिवशीचा वारा लिहा. वाऱ्याची नोंद नसेल तर प्रवाहांचं गणित मांडणाऱ्याला तो गोळा निम्माच कामाचा.

समुद्रात तेलाचा मोठा तवंग दिसला तर तटरक्षक दल, १५५४. राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा त्यांच्याच हाती आहे.

तवंगमापे
तवंग किती मोठा हे सांगताना ‘खूप तेल आहे’ म्हणू नका, रंग सांगा. रंगावरून जाडी कळते. चंदेरी, फिकट झाक: ०.०४ ते ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इंद्रधनुषी: ०.३ ते ५. धातूसारखी चकाकी: ५ ते ५०. तेलाचा स्वतःचा रंग तुकड्या-तुकड्यांत दिसला तर ५० ते २००, सलग दिसला तर २०० च्या वर. एक मायक्रॉन जाडीला एक लिटर तेल एक हजार चौरस मीटर पसरतं. जेटीवर कुणी इंजिनचं एक लिटर काळं ऑइल ओतलं की अख्खी जेटी रंगीत दिसते, आणि धातूच्या चकाकीचा तेवढाच तुकडा म्हणजे निदान पाच लिटर. क्षेत्रफळ गुणिले जाडी, एवढंच गणित, पण कळवताना त्याने फार फरक पडतो.

शंकासुर
कांदळवनात साचलेल्या पाण्यावर असा रंगीत पापुद्रा वर्षभर दिसतो, तोही तेलाचाच का?

तवंगमापे
काठीने ढवळा. काचेसारखे तुकडे होऊन वेगवेगळे राहिले तर तो लोहजिवाणूंचा पापुद्रा, निसर्गाचाच. काठी काढल्यावर पुन्हा मिळून आला, तर तेल.

तिवरांची_सावली
कांदळवनाचा विषय निघालाच आहे तर. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं धडकली, सुमारे ८०० टन तेल सांडलं, आणि ते वाळूच्या किनाऱ्यांबरोबर कांदळवनांतही शिरलं. वाळू आणि तिवरं यांची सफाई एकसारखी करणं हीच सगळ्यांत मोठी चूक.

तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, त्यांच्यावरच्या छिद्रांतून हवा आत जाते. तेलाने ती छिद्रं बुजली की मुळं गुदमरतात. पानं गळायला काही आठवडे-महिने लागतात, म्हणून पहिल्या पंधरवड्यात झाड हिरवं दिसलं तरी फसू नका. आता मदतीला धावून आलेली शंभर माणसं बूट घालून त्या चिखलात उतरली तर काय होतं? वर पसरलेलं तेल पायांनी वीतभर खाली दाबलं जातं. खाली ऑक्सिजन नाही. तेल खाणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. तो नसेल तर तेच तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं. अलास्कात १९८९ च्या एक्झॉन व्हाल्डेझ गळतीचं तेल दगडगोट्यांखाली दशकांनंतरही सापडत होतं, आणि तिथे गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुतलेल्या जागांतले जीव त्या धुण्यानेच मेले.

म्हणून: आत उतरायचं नाही. कडेने, होडीतून, शोषक गाद्या आणि तरंगते अडसर लावून भरतीबरोबर येणारं तेल तोंडाशीच अडवायचं. आत गेलेल्यावर कमी दाबाचं खारं पाणी ओहोटीच्या दिशेने. साबण आणि तेलविखुरक द्रव नको. त्यांनी तेल दिसेनासं होतं, पण बारीक थेंब होऊन चिखलात आणि कालवांच्या कल्ल्यांत जातं. जिवाणूंना खत घालायचा विचार असेल तर कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरसचं १००:१०:१ हे ढोबळ प्रमाण, पण ऑक्सिजन नसलेल्या चिखलात खत ओतून फक्त शेवाळ वाढतं.

आकडेमोड
अहवाल वाचण्याबद्दल लिहितो.

गाळाच्या आकड्यांसाठी जगभर वापरले जाणारे दोन उंबरठे आहेत. खालच्या उंबरठ्याच्या आत जिवांना इजा क्वचित दिसते, वरच्याच्या पलीकडे बहुतेकदा दिसते. कोरड्या वजनावर, किलोला मायक्रोग्रॅममध्ये: एकूण पीएएच ४,०२२ आणि ४४,७९२, बेंझो-ए-पायरीन ४३० आणि १,६००, एकूण पीसीबी २२.७ आणि १८०. एकूण डीडीटी १.५८ आणि ४६.१. हे अमेरिकेतल्या माहितीवरून १९९५ मध्ये काढलेले आहेत. आपल्या खाडीला कायदा म्हणून लागू नाहीत, चाचपणीला चांगले.

उंबरठ्याआधी कार्बनचा हिशेब करा. समजा वाळूच्या ‘अ’ जागी पीएएच ६०० आणि सेंद्रिय कार्बन अर्धा टक्का. चिखलाच्या ‘ब’ जागी १,५०० आणि अडीच टक्के. वरवर ‘ब’ वाईट. पण किलोभर कार्बनमागे ‘अ’ला १२० मिलिग्रॅम आणि ‘ब’ला ६०. रसायन ‘अ’जवळूनच कुठूनतरी येतंय. पहिल्या पोस्टमध्ये कार्बन मागायला सांगितलाय तो यासाठी.

उगमासाठी गुणोत्तरं. अँथ्रासीन भागिले अँथ्रासीन अधिक फेनँथ्रीन: ०.१ च्या खाली तर सांडलेलं तेल, वर तर जळण. फ्लुओरँथीन भागिले फ्लुओरँथीन अधिक पायरीन: ०.४ खाली तेल, ०.४ ते ०.५ डिझेल-पेट्रोलचा धूर, ०.५ च्या वर लाकूड, पालापाचोळा, कोळसा. उदाहरणादाखल अँथ्रासीन ९ आणि फेनँथ्रीन ४२ असेल तर पहिलं ०.१८, फ्लुओरँथीन ८५ आणि पायरीन ७० असेल तर दुसरं ०.५५. दोन्ही सांगतात की हे चुलीचं, कोळशाचं, कचरा जाळल्याचं, टँकरचं नव्हे.

क्रोमॅटोवाला
थोडं थांबवतो. ही गुणोत्तरं ताज्या गाळाला. अँथ्रासीन उन्हात फेनँथ्रीनपेक्षा लवकर मोडतं, त्यामुळे उघड्या पट्ट्यावरच्या जुन्या गाळात पहिलं गुणोत्तर आपोआप खाली सरकतं आणि धूर तेलासारखा दिसायला लागतो. एकाच गुणोत्तरावर आरोप करू नका. तेल ओळखायचा खरा मार्ग म्हणजे अल्किल शाखांची पीएएच: कच्च्या तेलात तीच भरपूर आणि मूळ सोळा कमी, धुरात उलट. सोळाचीच यादी मागून ‘तेल सापडलं नाही’ असा निष्कर्ष काढलेले अहवाल कमी नाहीत.

प्रयोगशाळेकडून आणखी तीन गोष्टी मागा. एक, सरोगेटची परतावणी: सुरुवातीला गाळात ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन घातलेलं, म्हणून यंत्राला वेगळं ओळखू येणारं) फेनँथ्रीन, क्रायसीन वगैरे ठरावीक मात्रेत घालतात आणि शेवटी किती हाती आलं ते बघतात. साधारण ६० ते १२० टक्के ठीक. तीस टक्के आलं असेल तर बाकीचे आकडेही तसेच गळालेले. नॅफ्थलीन उडणारं असल्याने त्याची परतावणी कमीच येते, तेवढं समजून घ्या.

दोन, गाळ वाळवला कसा? १०५ अंशांच्या भट्टीत वाळवलेला नमुना ओलावा काढायला ठीक. पीएएचला नको, हलकी सगळी उडतात. गोठवून वाळवणं किंवा निर्जल सोडियम सल्फेट मिसळणं बरं.

तीन, गंधक काढलं का? कांदळवनाच्या काळ्या गाळात मूळ गंधक खच्चून असतं. ते अर्कात उतरतं आणि आलेखावर डोंगर उभा करतं, शेजारची पीसीबी त्याखाली गाडली जातात. उपाय साधा: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने उजळलेली तांब्याची पूड अर्कात घालायची. काळी पडली की नवी, चकाकी टिकेपर्यंत. हे न करता आलेला पीसीबीचा आकडा मी तरी वाचणार नाही.

खाडीकर
डीडीटी जुनं की नवं, हे कसं ओळखायचं? शेतीत बंद आहे ना?

आकडेमोड
शेतीसाठी १९८९ पासून बंद. डासनिर्मूलनासाठी त्यानंतरही वापर राहिला. म्हणून प्रश्न आपल्याकडे खरा आहे. डीडीटी हवेशीर गाळात डीडीई होतं, हवा नसलेल्या गाळात डीडीडी. दोघांची बेरीज एकूणच्या निम्म्याहून जास्त तर माल जुना, कमी तर ताजा कुठून तरी येतोय. डीडीडी डीडीईहून जास्त दिसलं तर घाबरू नका, तो चिखल गुदमरलेला आहे एवढाच अर्थ.

दर्यासारंग
टीबीटी राहिलं. बोटीच्या बुडाला कालवं-शेवाळ चिकटू नये म्हणून रंगात घालायचे. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात सत्तरच्या दशकाच्या शेवटी कालवांची पैदास कोसळली, कवचं जाड आणि वेडीवाकडी झाली. १९८२ मध्ये तिथे २५ मीटरच्या आतल्या बोटींना हा रंग बंद झाला. जागतिक बंदी १७ सप्टेंबर २००८ पासून लागू. जुन्या गोदीच्या गाळात अजून सापडतं, कारण पाण्यात ते काही दिवस-आठवड्यांत मोडतं आणि हवा नसलेल्या गाळात वर्षानुवर्षं टिकतं. जुना रंग खरवडताना पडलेल्या खपल्या धोक्याच्या: एक खपली नमुन्यात आली तर आकडा आभाळाला. खरवडायच्या जागेवर ताडपत्री पसरा, खपल्या गोळा करून वेगळ्या ठेवा, ओहोटीवर सोडू नका.

क्रोमॅटोवाला
टीबीटीचा आकडा ‘कथील म्हणून’ दिलाय की ‘टीबीटी म्हणून’, हे बघायचंच. दोन्हींत २.४४ पटींचा फरक. आणि डीबीटी अधिक एमबीटी भागिले टीबीटी एकपेक्षा कमी असेल तर टीबीटी ताजं आहे किंवा मोडत नाहीये. खपलीची शंका तिथे पहिली घ्या.

शंकासुर
टीबीटीला यंत्राशिवाय काही खूण?

दर्यासारंग
शंखवर्गी गोगलगायी. लिटरला एक-दोन नॅनोग्रॅम टीबीटीलाही काही जातींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटतं, त्याला इम्पोसेक्स म्हणतात. जेटीजवळचे तीस आणि लांबचे तीस शंख गोळा करा, कवच शेगड्यात फोडून माद्या बघा. आकडा मिळत नाही, पण कुठे यंत्र लावायचं ते कळतं. जात मात्र दोन्हीकडे एकच हवी. प्रत्येक जातीची संवेदना वेगळी.

खाडीकर
शेगडा म्हणजे सुताराचा?

दर्यासारंग
हो, लहान पकड-शेगडा. हळू आवळायचा, नाहीतर आतला जीवच चिरडतो.

खाडीकर
आणि बरण्या काळ्या काचेच्याच हव्यात का? प्रयोगशाळेने साध्या पाठवल्यात.

क्रोमॅटोवाला
चालतील. बाहेरून ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळा, उजेड लागला नाही म्हणजे झालं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाहेर बांधा. मार्कर पेन झाकणाजवळ वापरू नका, त्याच्या शाईतलं द्रावक आत उतरतं.